सागाची फळी, समुद्राची हवा आणि आपलं डिपॉझिट

आपल्या भागातल्या माणसाला सागवान कुणी शिकवायची गरज नाही, असं आपण सगळेच समजतो. घरात सागाचा पलंग असतो, दाराची चौकट असते, बल्लारपूरचा लाकूड डेपो माहीत असतो. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी आपल्याकडचं सागवान रवाना झालं तेव्हा तर अख्ख्या जिल्ह्याची कॉलर ताठ झाली होती. आलापल्लीच्या जंगलातला 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा सहा हेक्टरचा जुन्या झाडांचा तुकडा २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला, हेही जी.के.च्या तयारीत पाठ झालेलं असतं. पण हेच लाकूड पायाखाली फरशी म्हणून आलं, तेही समुद्रकिनाऱ्याच्या गावात आणि भाड्याच्या घरात, तर आपली परीक्षा सुरू होते. ही परीक्षा नापास झाली तर एटीकेटी मिळत नाही, सरळ डिपॉझिट जातं.

ही गोष्ट हवेतली नाही. मागच्या वर्षी आपले तीन सीनियर्स सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी कोकणातल्या एका छोट्या किनारी गावात राहत होते. जानेवारीत गेले, जुलैत परतले. तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट, हॉलला आणि खोलीला लाकडी फरशी, डिपॉझिट ३०,००० रुपये. खोली सोडताना घरमालकांनी फळ्यांवरून हात फिरवला, कडा वर आलेल्या दाखवल्या आणि "तुम्ही पाणी सांडून फरशी खराब केलीत" म्हणून १८,००० रुपये कापले. म्हणजे डोईवर सहा हजार. त्या तिघांपैकी एकाच्या घरी धानाची शेती आहे. सहा हजार म्हणजे त्याच्या घरची रोवणीची मजुरी. पाणी सांडलं नव्हतं, हे तिघेही शपथेवर सांगतात. पण सांडलं नव्हतं तर फळ्या वर आल्या कशा, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. आणि उत्तर नसलेल्याचे पैसे जातात.

या उन्हाळ्यात मी आणि माझ्या दोन मैत्रिणी इंटर्नशिपसाठी रत्नागिरीला जाणार आहोत. एका जुन्या घराच्या माडीवर खोली बघायचं ठरतंय आणि तिथेही खाली फळ्याच आहेत. म्हणून हा विषय मी सबमिशनसारखा बसून वाचला. माझी शाळा कॉन्व्हेंटची. 'वुडन फ्लोअरिंग'शिवाय दुसरा शब्द मला ठाऊक नव्हता. आजोबा पूर्वी आरा मशीनवर कामाला होते. त्यांनी सांगितलं की जुन्या वाड्यात कड्यांवर फळ्या ठोकून जे करायचे त्याला कडीपाट म्हणतात, तक्तपोशी हाही शब्द आहे. आणि वर एक वाक्य ऐकवलं, "पोरी, लाकूड कापलं म्हणून मरत नाही, ते पाणी पेतेच." या लेखातलं सगळं सायन्स म्हणजे त्या वाक्याचा विस्तार आहे.

हार्डवूड म्हणजे कडक लाकूड नव्हे

आधी शब्दाचा घोळ मिटवू. 'हार्डवूड' हे नाव कडकपणावरून नाही, झाडाच्या जातीवरून आहे. रुंद पानांची, फुलं येणारी झाडं म्हणजे हार्डवूड आणि देवदार, पाइन अशी सुईपर्णी झाडं म्हणजे सॉफ्टवूड. म्हणून नखाने खरवडलं जाणारं बाल्सा हेसुद्धा हार्डवूडच. आपल्याकडचे साग, ऐन, बिजा, धावडा सगळे हार्डवूड. कोकणातल्या जुन्या घरांत सागासोबत फणस, ऐन, किंजळ ही लाकडं दिसतात, तीही हार्डवूड.

गंमत म्हणजे साग या सगळ्यांत सर्वांत कडक नाही. ऐन त्याच्यापेक्षा जड असतो. सागाला भाव आहे तो वेगळ्या कारणासाठी. एक, त्याच्या गाभ्यात नैसर्गिक तेल आणि टेक्टोक्विनोन नावाचं रसायन असतं, त्यामुळे वाळवी लवकर लागत नाही. दुसरं, ओल्याचा सुका होताना तो इतर लाकडांपेक्षा कमी आकसतो. पण हे गुण गाभ्याच्या तपकिरी लाकडाचे. सालीजवळचा फिकट पांढरट भाग किडीला सहज बळी पडतो. घरमालक "साग आहे हो, शंभर वर्षं काही होणार नाही" म्हणाले तरी फळीला पांढरा पट्टा आहे का ते बघावं.

फळी का हलते

लाकडातलं पाणी दोन प्रकारचं असतं. एक पेशींच्या पोकळीतलं, दुसरं पेशींच्या भिंतीत मुरलेलं. झाड कापल्यावर पोकळीतलं आधी उडून जातं, तेव्हा लाकूड फक्त हलकं होतं. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की भिंतीतलं पाणी निघायला लागतं आणि लाकूड आकसायला लागतं. परत दमट हवा मिळाली की भिंती पाणी पितात आणि लाकूड फुगतं. हे आयुष्यभर चालू राहतं. फर्निचर दोनशे वर्षांचं असो नाहीतर दोन महिन्यांचं, त्याला सुट्टी नाही.

हवेतली आर्द्रता जितकी, त्या हिशोबात लाकडातला ओलावा स्थिर होतो. साधारण २७ अंशाला आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात ६ टक्के पाणी राहतं, ५० टक्के असेल तर ९, ६५ असेल तर पावणेबारा, ८० असेल तर पावणेसोळा आणि ९० असेल तर २० टक्के. म्हणजे वर जाताना आलेख चढत जातो. शेवटच्या दहा टक्के आर्द्रतेत लाकूड जेवढं पाणी पितं तेवढं आधीच्या पंधरा टक्क्यांतही पीत नाही. किनाऱ्याच्या पावसाळ्याची अडचण ही आहे.

आता आकसण्याची दिशा. लाकूड लांबीला जवळजवळ हलतच नाही. रुंदीला हलतं. पूर्ण ओल्यापासून पूर्ण सुक्यापर्यंत साग खोडाच्या वर्तुळाच्या दिशेने ५.८ टक्के आकसतो आणि केंद्रापासून सालीकडच्या दिशेने फक्त २.५ टक्के. फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे त्यावर रुंदीला कुठला आकडा लागू होणार ते ठरतं. फळीच्या टोकाला बघा. वर्षवलयं उभी दिसली तर फळी कमी हलणारी, आडव्या कमानीसारखी दिसली तर जास्त हलणारी. ही तपासणी फुकट आहे आणि दोन मिनिटांची आहे.

सीनियर्सच्या खोलीचं गणित

आता त्यांच्या केसला आकडे लावू. जानेवारीत किनाऱ्यावरची हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, फळीत १० टक्के ओलावा धरू. जुलैत सतत पाऊस, १७ टक्के धरू. फरक ७ टक्क्यांचा. ५.८ ला ३० ने भागलं की दर एक टक्का ओलाव्यामागे ०.१९३ टक्के हालचाल मिळते. फळी १०० मिमी म्हणजे चार इंच रुंद असेल तर

१०० × ०.००१९३ × ७ = १.३५ मिमी.

एका फळीला सव्वा-दीड मिलिमीटर, यात काय विशेष? पण खोली तीन मीटर रुंद आहे, म्हणजे शेजारी-शेजारी ३० फळ्या. ३० × १.३५ = सुमारे ४० मिमी. चार सेंटिमीटर! उभ्या वलयांच्या फळ्या असत्या तर हाच आकडा १७-१८ मिमी आला असता. प्रत्यक्षात फळ्या एकमेकींना दाबतात, सगळ्या एकाच पद्धतीने चिरलेल्या नसतात, पॉलिशमुळे ओलावा हळू शिरतो, म्हणून एवढं पूर्ण होत नाही. पण निम्मं झालं तरी भिंतीलगत जागा हवी. ती सोडलेली नसेल तर फळ्यांना जायला एकच दिशा उरते, ती म्हणजे वर.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. तो फ्लॅट तळमजल्यावर होता आणि फळ्या सिमेंटच्या कोब्यावर बसवल्या होत्या. पावसाळ्यात जमिनीतली ओल कोब्यातून वर येते. मध्ये प्लास्टिकचा थर नसेल तर ती थेट फळीच्या पोटाला लागते. पोट ओलं, पाठ पंख्याखाली सुकी. पोट फुगतं, पाठ तेवढी फुगत नाही, आणि फळी वाटीसारखी होते. मध्य खाली, दोन्ही कडा वर. घरमालकांच्या हाताला ज्या कडा लागल्या त्या याच.

मग पाणी सांडल्याचं कसं ओळखायचं? जागेवरून. बादली सांडली तर खराबी एका जागी असते, साधारण गोल, मध्ये जास्त आणि बाहेर कमी, बहुतेक वेळा डागासकट. जमिनीतली किंवा हवेतली ओल असेल तर सगळ्या खोलीत सारखं दिसतं. कपाटाखाली, पलंगाखाली, जिथे माणूस बादली घेऊन जाणारच नाही तिथेही. सीनियर्सने मोबाईलवर काढलेले फोटो मी पाहिले. पलंग सरकवल्यानंतरच्या जागेचा फोटो त्यात आहे. तिथल्याही फळ्या तशाच वाटीसारख्या. व्हायवाला एवढं उत्तर दिलं असतं तर एक्स्टर्नलने मान डोलावली असती.

आणखी एक. अशी वाटी झालेली फळी पावसाळ्यात रंधा मारून सपाट करू नये. कारण हिवाळ्यात ती सुकली की कडा परत खाली बसतात, आणि कडा आधीच तासलेल्या असल्यामुळे मध्य उंच राहतो. म्हणजे बरी होणारी फळी आपण कायमची बिघडवतो. पावसाळा संपून लाकूड सुकेपर्यंत थांबायचं आणि मग काय उरलंय ते बघायचं, हा योग्य क्रम. जुलैत दुरुस्तीचा खर्च ठरवणं म्हणजे तापात वजन करून डाएट ठरवण्यासारखं आहे.

आपली हवा आणि तिकडची हवा

चंद्रपूरच्या मे महिन्याचं कौतुक आपण काय सांगावं! पारा ४५ च्या वर आणि दुपारची आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. या हवेत लाकडात चार-साडेचार टक्केच पाणी राहू शकतं. म्हणून आपल्या घरातली दारं उन्हाळ्यात सैल होतात, फटी पडतात, आणि जुलैत तीच दारं लाथ मारल्याशिवाय लागत नाहीत. किनाऱ्यावर मात्र वर्षभर दमटपणा आणि पावसाळ्यात कळस. इथे उन्हात वाळलेली फळी तशीच नेऊन तिथे घट्ट ठोकली तर ती फुगणारच. म्हणून लाकूड जिथे बसवायचं त्या खोलीत काही दिवस ठेवून तिथल्या हवेला सरावू द्यायचं असतं. आपणही पहिला आठवडा तिकडे घामाने बेजार होतो, मग सरावतो.

समुद्राच्या हवेत मीठ असतं, ते स्वतः ओलावा ओढून धरतं. लोखंडी खिळे गंजतात आणि लाकडातल्या रसायनांशी लोखंडाची प्रक्रिया होऊन खिळ्याभोवती काळे डाग पडतात. असे डाग दिसले तर ते भाडेकरूच्या चहाचे नसतात.

राजाही तिथे पाहुणाच होता

सागाचा आणि रत्नागिरीच्या मुक्कामाचा विषय निघाला की ब्रह्मदेशाचा राजा थिबा आठवतो. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं. त्याच्या दरबाराने बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला सांगितल्यापेक्षा जास्त सागाचे ओंडके नेल्याबद्दल दंड केला होता, आणि युद्धाला निमित्त झालं ते हेच भांडण. राजाला आधी मद्रासला आणि १८८६ साली रत्नागिरीला आणलं. पुढची जवळजवळ चोवीस वर्षं तो सरकारने सोय केलेल्या बंगल्यांत राहिला. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा, म्हणजे आजचा थिबा पॅलेस, तयार झाला. तिथे तो सहाच वर्षं जगला, १९१६ साली गेला. राहत्या घरावर आपला हक्क किती आणि दुसऱ्याची मर्जी किती, हा प्रश्न ज्याच्या देशात सागाची जंगलं होती त्यालाही सुटला नाही. आपल्याला निदान करार करता येतो. त्याकडे वळू.

खोली बघायला गेल्यावर

१) आधी लाकूड खरं आहे का ते बघा. जाहिरातीत 'वुडन फ्लोअरिंग' असतं, पण खाली चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. अस्सल फळी, प्लायसारख्या थरांवर खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, दाबलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाचा छापील कागद म्हणजे लॅमिनेट, आणि लाकडासारखी दिसणारी टाइल. उंबऱ्याजवळ कापलेली कड बघा, तिथे थर कळतात. रेषांचं डिझाइन तीन-चार फळ्यांनंतर परत तसंच आलं तर ते छापील आहे. टाइल पायाला थंड लागते. हे कळणं महत्त्वाचं, कारण अस्सल फळी सुकली की बरीच जागेवर येते, लॅमिनेटची फुगलेली कड मात्र परत बसत नाही.

२) भिंतीलगतची पट्टी थोडी उचलून किंवा कोपऱ्यात डोकावून बघा, फळी आणि भिंत यांच्यामध्ये जागा सोडली आहे का.

३) तळमजला असेल तर भिंतींच्या खालच्या हातभर भागात पोपडे, मिठाचा पांढरा थर किंवा बुरशी आहे का बघा. भिंतीला ओल आहे म्हणजे फळीच्या पोटाला आहेच. कुठे कोबा उघडा असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून एक दिवस ठेवावा. खाली थेंब जमले तर उत्तर मिळालं.

४) माडी असेल तर खालच्या मजल्यावरून वर बघा. तुळयांवर ओलीचे डाग, वाळवीची मातीची नळी, खाली पडलेली बारीक भुकटी, काहीही दिसलं तर विचारा. मध्यभागी उभं राहून टाचेवर वजन टाका. कुरकुर आवाज येणं वेगळं आणि फळी लवणं वेगळं. आवाज चालेल, लवणारी फळी चालणार नाही.

५) छोटा मॉइश्चर मीटर मिळतो. दोन सुया लाकडाला टोचायच्या, लाकडाचा विद्युतरोध मोजून तो ओलावा दाखवतो. मित्रांमध्ये वर्गणी काढून एक घेतला तर बॅचच्या बॅच वापरू शकते. राहायला जाताना चार ठिकाणचे आकडे लिहून ठेवा, तारखेसकट.

करार करताना

आपल्याकडे एक समज पक्का आहे की अकरा महिन्यांचा करार म्हणजे नोंदणीची गरज नाही. महाराष्ट्रात हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हे मालकाला धमकी म्हणून ऐकवायचं नाही. "काका, नोंदणी केलेली तुमच्यासाठीच बरी" असं सांगायचं. कोकणातली माणसं रोखठोक असतात, पण रोखठोक बोललेलं त्यांना आवडतं असंही ऐकलं आहे.

खर्चाचा बाऊ करू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ते मिळवतात. ८,००० भाडं, ११ महिने, ३०,००० डिपॉझिट असेल तर हिशोब ९०,७५० रुपयांवर होतो आणि शुल्क दोन-तीनशे रुपयांत बसतं. नोंदणी फी वेगळी. काम ऑनलाइन होतं.

आता मुख्य गोष्ट. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्याने घेणाऱ्याचं कर्तव्य सांगितलं आहे की जागा ताब्यात घेतली तशी परत द्यावी, पण वाजवी वापराने झालेली झीज आणि टाळता न येणाऱ्या शक्तीने झालेले बदल वगळून. आपला करार मात्र बहुतेक वेळा भाडेपट्ट्याचा नसतो, लिव्ह अँड लायसन्सचा असतो. त्यामुळे ही सूट आपोआप मिळेल असं धरून बसू नये, करारात लिहून घ्यावी. आम्ही तयार केलेला मजकूर असा आहे, कुणाला लागला तर घ्या:

"लाकडी फरशीत ऋतुमानानुसार होणारे आकसणे, फुगणे, फटी पडणे, कडा उचलणे तसेच जमिनीतील वा भिंतीतील ओलीमुळे होणारे बदल ही नेहमीची झीज समजली जाईल व त्यापोटी अनामत रकमेतून कपात केली जाणार नाही. पाणी सांडणे, जड वस्तू ओढणे वा जाळणे यामुळे एका जागी झालेले नुकसान लायसन्सी भरून देईल."

दुसरं वाक्यही तितकंच गरजेचं आहे. आपण फक्त आपल्या बाजूचं लिहिलं तर मालक सही का करेल? माझ्या मैत्रिणीने फोनवर हे दोन्ही वाचून दाखवल्यावर तिकडच्या काकू म्हणाल्या, "बाय माझे, दुसरं लिहिलंस म्हणून पहिलं चालेल." याला जोडून खोलीच्या स्थितीची यादी करा. प्रत्येक खोलीचे फोटो, फटींजवळ पट्टी ठेवून काढलेले, आणि दोघांची सही. हे सगळं पहिल्या दिवशी. शेवटच्या दिवशी काढलेल्या फोटोला तुलना करायला पहिला फोटो लागतो.

राहताना

आपण चंद्रपूरची माणसं कुठेही गेलो की आधी कूलर कुठे लावायचा ते बघतो. किनाऱ्यावर कूलर नेऊच नका. पाण्याची वाफ होऊनच कूलर थंडावा देतो, आणि जिथे हवेत आधीच पाणी भरलेलं आहे तिथे वाफ होणार तरी किती? थंडावा मिळत नाही आणि खोलीतली आर्द्रता मात्र वाढते, ती फळ्या पितात. पंखा आणि समोरासमोरच्या खिडक्या, एवढं पुरतं. पावसात खिडकी बंद, उघडीप मिळाली की उघडी.

पोछा घट्ट पिळूनच मारा. हॉस्टेलमध्ये आपण बादली ओतून वायपर मारतो ती सवय इथेच सोडून जा. बीचवरून आल्यावर पाय आणि चपला बाहेर झटका. वाळूत क्वार्ट्झ असतं, त्याचा कडकपणा मोहच्या मापावर ७. पॉलिशची त्याच्यापुढे काय कथा! पलंग-टेबलाच्या पायांना जाड कापडाच्या चकत्या चिकटवा. ओले कपडे खोलीत वाळत घालावे लागले तर खाली गोणपाट नको, ते ओल धरून ठेवतं. आणि पावसाळ्यात फळ्या वर येताना दिसल्या तर लपवू नका. त्याच दिवशी फोटो काढून मालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. वेळेवर कळवलेली गोष्ट तक्रार ठरते, उशिरा सापडलेली गुन्हा ठरते.

निघताना

जाण्याच्या आठ दिवस आधी मालकांना बोलावून एकत्र पाहणी करा. पहिल्या दिवसाची यादी हातात ठेवा. कापायचेच असतील तर कुठल्या फळीसाठी, किती फळ्या, सुताराचा अंदाज किती, हे लेखी मागा. 'फरशी खराब' हा शब्द बिलात चालत नाही. पावसाळा चालू असेल तर सुचवा की दुरुस्तीचा हिशोब लाकूड सुकल्यावर, जानेवारीत करू, तोवर वादातली तेवढीच रक्कम ठेवून बाकीची परत द्या. एवढं करूनही अडलं तर लेखी नोटीस द्यावी. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तिथे मोफत मदत मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न न विचारता. आपल्या गडचिरोलीच्या कितीतरी मुलामुलींना हे माहीतच नसतं.

आपल्या सीनियर्ससाठी मी वरचं गणित एका पानावर मांडून दिलं, पलंगाखालच्या फोटोसकट. त्यांनी ते मालकांना पाठवलं आहे, सोबत एकच विनंती: जानेवारीत फळ्या पुन्हा बघा आणि मग आकडा ठरवा. मालकांनी "बघतो" म्हटलं आहे. 'बघतो' म्हणजे नाही असं आपल्याकडे धरतात. पण त्यांनी वाचून एक प्रश्न विचारला, कोब्यावर प्लास्टिक टाकायचं तर फळ्या सगळ्या काढाव्या लागतील का? ज्याच्या घराला ओल आहे त्यालाही ती कुठून येते हे कळायला हवंच होतं. सगळ्या काढाव्या लागतील, असं आम्ही खरं तेच कळवलं. पैशांचं उत्तर अजून यायचं आहे.

ज्यांना यंदा किनाऱ्याकडे जायचं आहे त्यांनी कराराच्या मजकुराची प्रत लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवरून उतरवून घ्यावी. मुलांसाठी मेसच्या दाराशी एक लावली आहे, भाजीचे डाग पडायच्या आत वाचा.